पिवळ्या दुकानातले चेहरे

टकळीला टकळी म्हणायला घरच्यांनी अलीकडेच सुरुवात केली होती. आधी वर्गात हजेरी घेताना ती "हजर" इतकं हळू म्हणायची, की अर्ध्या वेळा तिची गैरहजेरीच लागायची. मग शाळेत तिने दुकानं आणि रंग या विषयावर भाषण ठोकलं. लाल रंग भूक चाळवतो, निळ्यावर माणसाचा विश्वास बसतो, पिवळा दिसला की पाय आपोआप थबकतात, असं सगळं ती धडाधड बोलली. टाळ्या पडल्या आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानंतर घरातला एकही रंग तिच्या तावडीतून सुटला नाही. बाबांचा राखाडी शर्ट गिऱ्हाइकाला झोप आणणारा ठरला. बाबांना कुठलंच गिऱ्हाईक नव्हतं, पण बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

आत्याचं चष्म्यांचं दुकान मात्र खरोखरच झोप आणणारं होतं. लांबट खोली, कोणे एके काळी पांढऱ्या असलेल्या भिंती, काचेच्या कपाटात फ्रेमा आणि टेबलावर एक आरसा. लोक समोरून जायचे आणि त्यांना दुकान दिसायचंसुद्धा नाही. शेवटी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला पुढची अर्धी जागा भाड्याने द्यायची आणि आपण मागच्या अंधाऱ्या भागात बसायचं, असं आत्याने जवळजवळ ठरवलं. पुढच्या मोठ्या खिडकीत बसून गृहपाठ करत टकळी वाढली होती, आणि आत्या अंधारात बसलेली तिला नुसती डोळ्यांसमोरही आणवेना.

"आधी रंग बदलून बघू," ती म्हणाली. "मग दे हवं तर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर त्याची कव्हरं मी स्वतः मांडून देईन."

आत्या हसली आणि तिने कव्हरवाल्याला महिनाअखेरीपर्यंत थांबायला सांगितलं.

दोघींनी डोक्याला फडकी बांधून सगळं दुकान पिवळंधमक केलं. शटर पिवळं, भिंती पिवळ्या. डबा संपेना म्हणून छतही पिवळं झालं. टकळीच्या कानातला रंग तर आठवडाभर निघाला नाही.

आणि पाय थबकले की! सायकली थांबल्या, बायका रस्ता ओलांडून आल्या, टकळीचे पाय जमिनीवर राहीनात. लोक आत यायचे, फ्रेम लावायचे, आरशात बघायचे आणि हळूच काढून ठेवायचे. कुणी घरी विचारून येतो म्हणायचं, कुणी नुसतंच मान हलवून जायचं. परत कुणी येत नव्हतं. पोस्टमनकाकांनी तर फ्रेम लावून आरशात बराच वेळ पाहिलं, जीभ बाहेर काढून पाहिली आणि इथे जवळ डॉक्टर कुठे बसतात, असं विचारून ते तडक निघूनच गेले.

त्या संध्याकाळी आत्या फ्रेमा खोक्यात भरायला लागली. तिचं म्हणणं असं, की रंगाने आपलं काम चोख केलं, माणसं आत आणली. मालच जुनाट, तिची निवडच म्हातारी झाली, त्याला रंग काय करणार. आत्याला नावं ठेवणारं दुसरं कुणी असतं तर टकळी त्याच्याशी भांडली असती, पण इथे आत्याच आत्याला नावं ठेवत होती.

काहीतरी करायचं म्हणून ती आरसा पुसायला दारात घेऊन गेली. पायरीवर तिला आपलं नेहमीचं तोंड दिसलं, नाकावरच्या लालबुंद पुटकुळीसकट. पुसून ती आत आली आणि दचकली. आरशातली मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसत होती. ती बाहेर गेली. बरी झाली. आत आली. परत आजारी. तिच्या अशा फेऱ्या चाललेल्या बघून समोरचा फळवाला सफरचंद पुसायचं विसरला.

"आत्या, ती खोकी ठेव खाली," ती म्हणाली. "तुझ्या फ्रेमांना काही झालेलं नाही. माझ्या भिंती लोकांच्या तोंडावर पडतायत."

आत्याला आधी काही कळेना. मग टकळीने तिलाच आरसा देऊन बाहेर उभं केलं आणि आत ओढलं. आत्या पुन्हा आपण होऊन बाहेर गेली, पुन्हा आत आली, आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आणि मी मेली रोज रात्री चेहऱ्याला दूध चोळतेय," ती म्हणाली.

घरून फिकट गुलाबी चादर आणून त्यांनी आरशासमोरच्या भिंतीवर ताणून लावली, दुसरी मागच्या भिंतीवर. आरशातली दोन्ही तोंडं टवटवीत झाली. मग सुट्टीच्या दिवशी छत पांढरं आणि भिंती चादरीच्या रंगाच्या झाल्या. शटर आणि दार तेवढं पिवळं राहिलं. टकळीने भाषणाच्या वहीत एक ओळ वाढवली, की माणूस दुकान बाहेरून बघतो, पण आत आल्यावर स्वतःलाच बघतो.

रंग वाळला न वाळला तोच पोस्टमनकाका हजर. डॉक्टरांनी सगळं ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं, तरी कडू औषध मागून घेतल्याशिवाय काका उठले नव्हते. त्यांनी तीच फ्रेम लावली, आरशात डावा गाल पाहिला, उजवा पाहिला.

"काय गुण आहे बघा औषधाला," ते म्हणाले. "चेहऱ्यावर तेज आलं. द्या हीच."

आत्या फडकं शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. बिल टकळीलाच करावं लागलं, ओठ दाबून.

महिनाअखेरीला कव्हरवाला आला, तेव्हा आरशासमोर एक आजोबा आपल्याला कुठली फ्रेम शोभते असं नातीला विचारत होते आणि दोन बायका बाकावर थांबल्या होत्या. आत्याने त्याला चहा दिला, जागा दिली नाही. तो हिरमुसून उठला, तशी खिडकीत गृहपाठ करणाऱ्या टकळीने त्याला हाक मारली. नवी जागा मिळाली की आधी सांगा, रंग मी निवडून देते, असं ती म्हणाली.

"पण आधी," आत्या आतून म्हणाली, "आरसा घेऊन बघून ये."