बैठकीतली जावा

फ्रेझरपुऱ्यातल्या आमच्या घरासमोरच्या लिंबाखालून बाबांची सायकल चोरीला गेली, त्याचं दुःख बाबांपेक्षा मायला जास्त झालं. बाबा मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. गावोगाव फिरून फवारणी बघायची, तापाच्या माणसांचं रक्त तपासायला घ्यायचं, हे त्यांचं काम. सायकल गेल्यावर ते काही दिवस पायी आणि एस.टी.नं फिरले, आणि मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आता फटफटीच घेतो."

माय भाकर थापता थापता थांबली. "घ्या. पन गाडी घरात आली पायजे. बाहेर ठेवाची असन त घेऊच नका."

हे बासष्ट सालचं. मी, कौशल्या, तेव्हा तिसरीत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ज्वारीचा एक सरळ धांडा घेतला, तो आमच्या दाराच्या चौकटीत आडवा धरला आणि बरोबर तेवढाच कापला. तो धांडा घेऊन आम्ही तिघं पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, हे काय घेऊन चालले?" बाबा म्हणाले, "दार घेऊन चाललो."

अकोल्याच्या दुकानात आधी बुलेट होती. बाबा तिच्याभोवती फिरले, टाकीवर हात ठेवला, बसले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हीच आपली. पण मायनं माझ्या हातातला धांडा घेऊन हँडलवर आडवा ठेवला. हँडल दोन्हीकडून बाहेर आलं.

"वाकडी करून नेऊ ना अंदर," बाबा म्हणाले.

"रोज वाकडी कराची? पावसापान्यात? एवढं धूड?"

बाबा उतरले. शेजारी एक जावा उभी होती. लालसर काळपट रंग, टाकीच्या बाजू आरशासारख्या. धांडा हँडलच्या दोन्ही बाजूंनी बोटभर पुढे राहिला. दुकानदार हसू लागला. "बाई, लोक विचारतात गाडी पळते किती, पेट्रोल पिते किती. तुमी दार मोजून आल्या?"

"पळनं मंगचं," माय म्हणाली. "घरी राहीन तवा पळन ना!"

अशी जावा आमच्या घरी आली. पायरीवर फळी टाकून बाबा तिला आत ढकलायचे, आणि बैठकीत, बुद्धाच्या फोटोखाली, ती भिंतीला लागून उभी राहायची. खिडकीच्या गजातून साखळी ओवून चाकाला कुलूप. पाहुण्यांची खाट आम्ही मागच्या अंगणात हलवली. कोणी आलं की खाली तट्ट्याच्या चटईवर बसायचं, आणि बिडी काढली की माय लगेच म्हणायची, "भाऊ, बाहेर जाऊन ओढा. घरात पेट्रोल आहे." शेजारच्या माणिकबाई म्हणत, "इंदे, तुह्या घरी सवत आली व." माय हसायची आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टाकी पुसायची. घराला पेट्रोलचा वास लागला. माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा. अजूनही कुठे तसा वास आला की मला भाकरी आठवते, कारण त्या घरात दोन्ही वास एकदमच यायचे.

सकाळी बाबा गाडी अंगणात काढायचे तेव्हा माय दारात उभी राहून बघायची. जावाला वेगळी किक नव्हती. गिअरचाच दांडा आत दाबून उभा करायचा आणि त्याच्यावरच पाय मारायचा. बाबांना तो सुरुवातीला सापडायचाच नाही. माय दारातून सांगायची, "दाबा आधी. अंदर दाबा." बाबा चिडायचे, "तूच ये ना मंग!" मग गाडी फटफटायची आणि दोघंही हसायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाबा एका मीटिंगसाठी एस.टी.नं अकोल्याला गेले. दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पांढरा शर्ट, बगलेत फाइल अशा एका माणसानं कडी वाजवली.

"देवमनभाऊंचं घर हेच ना? वहिनी, घाबरू नका. बडनेऱ्याच्या अलीकडे एस.टी. उलटली. भाऊंच्या पायाले मार लागला. जावा घेऊन ये म्हनले मले. दवाखान्यात न्याचं आहे."

मायच्या हातातलं सूप खाली पडलं. गहू सगळे घरभर झाले. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. कोनाड्यातून किल्ल्या काढल्या, साखळी सोडली, फळी पायरीला लावली आणि त्या माणसासोबत तिनंच गाडी अंगणात ढकलली.

"मी येतो संग," ती म्हणाली. "कौशे, माणिकबाईजवळ जाऊन बैस."

"तुमी कायले वहिनी? जागा नाई राहनार येताना."

"येताना मी पायी येईन."

तो गाडीवर बसला. किल्ली लावली. मग उजवीकडे वाकून बघू लागला. डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. पायानं इथं तिथं चाचपलं. कपाळाला घाम आला होता. माय त्याच्या पायाकडे बघत होती.

"तुमी यांच्या ऑफिसातले?"

"हो तं! वर्स झालं, रोज भाऊच्याच मागं बसून दौऱ्यावर जातो."

"रोज?" मायचा आवाज एकदम बारीक झाला. "अन गाडी सुरू कशी होते, हे पाह्यलं नाई कधी?"

तो काही बोलायच्या आत तिनं हात घालून किल्ली उपटली आणि ओरडली, "माणिकबाई! ओ माणिकबाई!" तो माणूस उतरला. किल्लीसाठी तिच्या अंगावर आला. पण माणिकबाईंच्या दाराची कडी वाजली, पाठोपाठ समोरचंही दार उघडलं, आणि तो फाइल टाकून गल्लीच्या तोंडाकडे पळाला. फाइलमध्ये जुनी वर्तमानपत्रं होती.

बायका जमल्या. कोणी म्हणे पोलिसात जा, कोणी म्हणे गाडी वाचली, पेढे वाट. मायनं काही ऐकलं नाही. गाडी आत लोटली, कुलूप लावलं आणि माझा हात धरला.

"कुठी चालली व इंदे?"

"स्टँडवर."

"अवं, लबाड होता थो!"

"थो लबाड होता. पन एस.टी. खरंच उलटली असन तं?"

भर उन्हात आम्ही स्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी आली की माय उठायची, खिडक्यांमधून बघायची, पुन्हा येऊन बाकावर बसायची. ऊन उतरलं. कंट्रोलरनं सांगितलं, आज कुठं काही उलटलेलं नाही. तिनं मान हलवली, पण घरी जायचं नाव नाही. शेवटी एका गाडीतून बाबा उतरले, धडधाकट, डोक्यावर टोपी. आम्हाला बघून चकित झाले.

"काय झालं? इतं काहून?"

"उशीर काहून केला?" माय ओरडली.

"उशीर? हीच तं गाडी सांगतली होती!"

मग चारचौघांत, कंट्रोलरसमोर, तिनं बाबांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि रडू लागली. मी माझ्या आईबापांना एकमेकांचा हात धरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा नुसतं म्हणत राहिले, "बरं बरं. आहो ना मी. आहो."

घरी येताना तिनं सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "उद्या मोठं कुलूप आनतो."

"कुलूप राहू द्या," ती म्हणाली. "मले गाडी शिकवा."

"तुले?"

"खरंच तुमी पडले असते, तं मी परक्या मानसाच्या मागं बसून येत होती. कोन कुठचा, मले ठाऊक नाई. तरी बसत होती. मले तुमच्यापावतर येता आलं पायजे."

रविवारी सकाळी बाबा तिला गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेले. नऊवारी लुगड्याचा कासोटा गाडीवर अगदी सोयीचा, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ती पडली, गुडघा फुटला, पुन्हा बसली. गल्लीतले काही लोक हसले. बाबांच्या साहेबांनीही त्यांना टोमणा मारला. बाबांनी घरी येऊन तो मायला सांगितला आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिला माळावर नेलं.

त्या दिवाळीत आम्ही मूर्तिजापूरला निघालो. मी टाकीवर, हँडल मायच्या हातात, बाबा मागे पिशवी सांभाळत. रस्त्यानं कापसाच्या बंड्या चालल्या होत्या, आणि बैल बुजू नयेत म्हणून माय गाडी हळू करायची. वाटेत चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं आधी मायकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"भाऊ, तुमाले चालवता येत नाई काय?"

"येते ना," बाबा बशीत चहा ओतत म्हणाले. "पन मागं बसून वावरं पाहाले भेटतात."