सुळ्यावरची रेघ

माझा वरचा सुळा काढला तो माझ्या भावाच्या नातीने. काढून झाल्यावर तो तिने उजेडात धरून फिरवून पाहिला आणि विचारलं, "आत्याआजी, हा मी ठेवून घेऊ?"

"घे बाई. मी काय त्याची माळ करणार आहे?"

असं तोंडी चालत नाही, सही लागते, म्हणाली. सही करायची संधी मी सहसा सोडत नाही. केली.

या मुलीला घरात सगळे किडा म्हणतात. लहानपणी तिचे दुधाचे दात किडले म्हणून नाव पडलं, आणि पुढे डोक्यातही तसलाच काहीतरी वळवळतोय असं दिसल्यावर ते कायमचं चिकटलं. दातांची डॉक्टर होऊन झाली होती. दुसऱ्या कुणी दवाखान्याची पाटी लावली असती. हिने पुन्हा शिकायला नाव घातलं, तेही एकदम दोन गोष्टींना. सकाळी हिरड्यांची तज्ज्ञ होण्यासाठी पेशंट बघायचे आणि दुपारी दातांवर संशोधन करायचं. माझा भाऊ म्हणायचा, "दोन डगरींवर पाय ठेवलाय पोरीने. मधे पाणी आहे, एवढं लक्षात ठेव म्हणावं."

तिच्या कॉलेजात एका लांब व्हरांड्याच्या या टोकाला क्लिनिक आणि त्या टोकाला लॅब. मधल्या भिंतीवर खुंट्या. क्लिनिकचा कोट निळा, लॅबचा पांढरा. एका जागचा कोट दुसरीकडे न्यायचा नाही, असा कडक नियम. किडा दिवसभर त्या खुंट्यांपाशी कोट बदलत असायची. तिथे उभ्या उभ्या केळंही खायची, कारण दोन्ही कोट अंगावर नसताना तेवढाच वेळ मिळायचा.

काही आठवड्यांनी तिने मला लॅबमध्ये बोलावलं. माझ्या सुळ्याचा उभा काप काढून, कागदापेक्षा पातळ घासून तिने काचेवर बसवला होता. मायक्रोस्कोपला डोळा लावायला मला जरा वेळ लागला. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम मधासारखा रंग उघडला, आणि त्यात बारीक बारीक रेघा, एकीखाली एक.

"हे माझ्या तोंडात होतं?"

"तुमचा दात हिरडीतून बाहेर यायच्या आधी तो आत तयार होत होता. टोकाकडून सुरू होतो आणि मुळाकडे वाढत जातो. जशी वाढ, तशा या रेघा."

"म्हणजे टोपी विणतात तसं. शेंड्यापासून कडेकडे."

"अगदी तसंच. आता खाली बघा, मुळाच्या अलीकडे. एक जाड, काळी रेघ दिसते?"

दिसली. बाकीच्या रेघांत ती अशी होती, जसा विणताना एखादा फेरा घट्ट पडावा.

"तेव्हा तुम्ही फार आजारी होतात. शरीराने दाताचं काम थांबवलं आणि मग पुन्हा सुरू केलं. कधी आजारी होतात, आठवतंय?"

मला आठवत नाही. पण माहीत आहे. आमच्या घरात तापाची साथ आली, त्यात आई गेली, आणि मी आणि भाऊ दोघंही तापात होतो. हे मी किड्याला सांगितलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं नाकावर काही बसलंय.

"आजोबांनाही तोच ताप? त्याच दिवसांत?"

"त्याच घरात, त्याच अंथरुणात."

"मग कळेल की, आत्याआजी!"

काय कळेल, ते तिला सांगावं लागलं नाही. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना तो वाद पाठ आहे.

वडील आधीच गेले होते आणि जन्माची नोंद कुठेच नव्हती. आई गेल्यावर भावाला मावशीने नेलं आणि मला आत्याने. पुन्हा एकत्र आलो तेव्हा आम्ही दोघं एकाच उंचीचे. मावशी म्हणे मुलगा थोरला, आत्या म्हणे मुलगी थोरली. दोघी एकमेकींचं तोंड बघत नसत, त्यामुळे निकाल लागलाच नाही. मी त्याला बाळ्या म्हणते. तो मला चिंगी म्हणतो. दोघांचे केस पांढरे झाले तरी कुणी माघार घेतलेली नाही.

आणि हा नुसता मानाचा वाद नव्हे. साथीतल्या त्या सकाळी शेजारणीने दार उघडलं तर आम्ही दोघं तापाने फणफणलेली तिच्या उंबऱ्यावर उभी होतो, हातात हात धरून. तिने येऊन पाहिलं तेव्हा आई बेशुद्ध होती. आमच्या दाराला आतून वर कडी होती, ती आम्ही कशी काढली याचं शेजारणीला मरेपर्यंत नवल वाटे. थोरलं कोण, हे विचारलं तर मात्र ती समोर जो असेल त्याचंच नाव घेई. पण कुणी कुणाला आणलं? भाऊ म्हणतो, मी चिंगीचं बोट धरून आणलं. मी म्हणते, मी त्याला आणलं. दोघांनाही ते बोट आठवतं. माझं त्याने धरलेलं की त्याचं मी, एवढंच ठरत नाही.

"दोघांना एकाच वेळी ताप," किडा सांगत होती, "म्हणजे रेघ दोघांच्या सुळ्यात असणार. जो तेव्हा मोठा, त्याचा दात जास्त तयार झालेला, म्हणून त्याची रेघ मुळाजवळ. जो लहान, त्याची टोकाकडे. मला अशीच जोडी हवी होती. लॅबच्या सरांना मी वर्षभर सांगतेय की रेघेच्या जागेवरून वय कळतं, आणि ते विचारतात, पडताळा कुठाय? तुमची मुळाजवळ आहे. आता आजोबांचा सुळा मिळाला की..."

इथे ती थांबली. सुळा आजोबांच्या तोंडात होता.

तो हलत होता, दुखतही होता, हे खरं. पण त्याची अर्धी कवळी त्याच एका सुळ्याला चिमट्याने धरून बसायची. सुळा गेला की कवळी गेली, आणि कवळी गेली की भाजलेले दाणे गेले. भाऊ दाणे खाल्ल्याशिवाय वर्तमानपत्र उघडत नाही.

तरी ऐकल्याबरोबर म्हणाला, "काढ. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"दाणे?" मी विचारलं.

"कुटून खाईन. पण तुला माझ्यासमोर दादा म्हणताना ऐकीन."

"तुझ्या तोंडात घास राहणार नाही आणि कानात दादा पडणार नाही. दोन्हीकडून जाशील."

बोलले खरी, पण मलाही तो दात बाहेर आलेला हवाच होता. मला ती दुसरी रेघ बघायची होती.

किड्याने आजोबांचा दात तपासला, हलवून पाहिला, बारीक खुणांची सळई हिरडीत घालून खोली मोजली आणि म्हणाली, फारच सैल आहे, काढावाच लागेल. पुढच्या आठवड्यातली सकाळ ठरली.

त्या सकाळी भाऊ खुर्चीत आडवा झाला आणि मी भिंतीकडेच्या स्टुलावर बसले. ताटात हत्यारं मांडलेली. शेजारी झाकणाची छोटी बाटली, आत काहीतरी पाणी. दात काढताच त्यात टाकायचा होता, सुकू नये म्हणून. किडा धावत आली, हातमोजे चढवले आणि दिवा ओढला.

पलीकडच्या खुर्चीपाशी तिच्या मॅडम दुसऱ्या पेशंटचा एक्स-रे बघत होत्या. त्यांनी मान वर केली.

"डॉक्टर, पेशंट कुणाचा आहे?"

"माझा, मॅडम."

"आणि कोट कुणाचा आहे?"

किड्याने खाली पाहिलं. अंगात पांढरा कोट. लॅबमधून थेट आली होती आणि खुंटीपाशी थांबलीच नव्हती.

"या कोटात पेशंटला हात लागायचा नाही. जा."

ती गेली. भाऊ दिव्याखाली आ करून पडलेलाच. मी म्हटलं, "मिट तोंड, माशी जाईल." त्याने मिटलं, पण डोळे त्या बाटलीवर. मला म्हणाला, "चिंगे, पाण्यात ठेवणार म्हणजे मासाच की."

"घाबरलास?"

"घाबरतो कशाला? नुसतं बघतोय."

किडा निळ्या कोटात परत आली, पण आधीसारखी घाईत नव्हती. तिने बाटली उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली, आणि चिमटा न घेता सळई घेतली. पुन्हा मोजलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दात दोन हत्यारांच्या मुठींमध्ये धरून पुन्हा हलवून पाहिला. मग हत्यारं ताटात ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागच्या वेळी मी जास्त मोजलं," ती हळूच म्हणाली. "सळई जरा जोरात दाबली असणार. आणि दात सैल आहे, पण एवढा नाही."

मॅडम जवळ आल्या, त्यांनी स्वतः मोजलं. "मग तुझं मत काय?"

किड्याने एकदा टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. "वाचेल. हिरडी उघडून आतून साफ करीन, आणि शेजारच्या दाताला तारेने बांधून ठेवीन."

"वेळ लागेल. आणि तुमच्या सरांना जोडी हवी होती ना?"

"हो मॅडम. नाही मिळणार."

भाऊ खुर्चीतून उठून बसला. "अगं, मी हौसेने देतोय! माझा दात, माझी मर्जी."

"आजोबा, वाचत नसता तर काढलाच असता. मला हवाय म्हणून नाही काढता येत."

"मग वादाचं काय?"

"तो तुम्हाला पुरून उरेल."

मला हसू आलं, पण वाईटही वाटलं. तिचा पडताळा गेला होता. माझीही रेघ गेली होती.

भूल दिली. बराच वेळ पाण्याचा फवारा, खरवडण्याचा आवाज, भावाच्या पायाची हलणारी बोटं. शेवटी तार बसवायची वेळ आली. त्याच्या सुळ्यावर पुढून कुणी तरी, कधी काळी पांढरा मसाला लिंपला होता, दात पुढून सारखा दिसावा म्हणून. तार नीट चिकटायची तर तो काढणं भाग होतं. किडा बारीक चक्राने तो उडवू लागली, आणि एकाएकी तिने चक्र बंद केलं.

"मॅडम, बघता का जरा?"

मॅडम वाकल्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "ठसा घे. चांगला घे, बारीक मसाल्याचा. तुमच्या सरांना मायक्रोस्कोपखाली ठसाही चालेल." आणि आपल्या पेशंटकडे गेल्या.

किड्याने ठसा घेतला, तार चिकटवली, आणि मग आजोबांच्या हातात आरसा दिला. भावाने ओठ वर केला. बराच वेळ पाहिलं.

"ही आडवी खाच?" भूल दिलेल्या तोंडातून शब्द ओले येत होते. "ही तर टोकाकडे आहे."

"हो आजोबा. आतली रेघ बाहेरून अशी खाच होऊन दिसते."

"आणि तिची?"

"मुळाजवळ."

त्याने आरसा मांडीवर ठेवला. मग छताकडे बघत म्हणाला, "म्हणजे मला बोट धरून तिने आणलं होतं."

मी स्टुलावरून उठले. इतकी वर्षं भांडले, पण जिंकल्यावर काय म्हणायचं ते मी ठरवूनच ठेवलं नव्हतं. "मला बघू दे," एवढंच म्हटलं. "आ कर."

त्याने आ केला. किड्याने दिवा वळवला. सुळ्याच्या टोकापासून जरा वर एक खाच होती, आडवी, नखाने ओढल्यासारखी. एवढासा होता तो. मी फार जवळून बघत होते, म्हणून त्याने माझ्या कपाळाला हात लावून मला मागे ढकललं.

"पुरे. आत काय खजिना आहे?"

व्हरांड्यातून निघालो. खुंटीवर पांढरा कोट उलटा लटकत होता, घाईत टाकलेला. भाऊ माझ्यापुढे चालायचा तो आज बरोबरीने चालत होता. जिन्यापाशी म्हणाला, "ताई बिई म्हणणार नाही हं मी. आधीच सांगतो."

"म्हणू नकोस. मला ओ द्यायला सुचायचं नाही."

दोन पायऱ्या उतरल्यावर माझ्या डोक्यात भलतंच आलं. "बाळ्या, पण मी तरी तेव्हा केवढीशी असणार? ती कडी तर वर होती. माझा हात पोचला कसा?"

तो थांबला. सुजलेल्या गालाने हसायला बघत होता, नीट जमत नव्हतं.

"नसेलच पोचला," तो म्हणाला. "तू ओणवी झाली असशील आणि मी तुझ्या पाठीवर चढलो असेन. कडी मी काढली, चिंगे."

"हे कुठल्या दातात लिहिलंय?"

"ते तुझा किडा शोधेल की," तो म्हणाला, आणि कठड्याला धरून माझ्याआधी खाली उतरला.