एकावन्न हिवाळे उघड्यावर

उघड्यावर ठेवलेल्या कॅम्परबद्दल रॉस्को टिबेट बोलायला लागला की शहाणी माणसं विषय बदलायची. पिकपच्या मागच्या हौद्यात बसवायची ती लाकडी सांगाड्याची, वरून पत्रा मारलेली खोली म्हणजे त्याच्या मते पावसाला वाढून ठेवलेलं ताट. "डोक्यावर शेड नसेल तर बारा वर्षं," तो ठासून सांगायचा. "पंधरा म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. पुढे आत नुसता भुसा." बावीस वर्षं तो मॉन्टानाभर फिरून लोकांचे जुने कॅम्पर तपासत होता, आणि त्याचं हे मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

म्हणून कॅरिन गुंडरसनने फोनवर जे मागितलं ते त्याला मुळीच जड गेलं नाही. तिची आई इल्वाबाई, वय एक्याऐंशी, एकटीने अलास्काला निघाली होती. कशातून? तर १९७३ साली घेतलेल्या आणि तेव्हापासून गोठ्यामागे उघड्यावर उभ्या असलेल्या कॅम्परमधून! मायलेकींचं भांडून भांडून एकदाचं ठरलं होतं. तपासणाऱ्याने धड म्हटलं तर लेक अडवणार नाही, कुजका म्हटलं तर आई पुन्हा अलास्काचं नाव काढणार नाही.

"तुम्ही फक्त कुजलाय म्हणा," कॅरिन म्हणाली. "ती वाटेत कुठेतरी मरून पडेल हो. पाया पडते तुमच्या."

"म्हणायचं काय त्यात? कुजलेलाच असणार," रॉस्को म्हणाला आणि निश्चिंत झाला.

मे महिना होता. डोंगरावर अजून बर्फ होतं आणि वारा असा की टोपी धरूनच गाडीतून उतरावं लागलं. इल्वाबाई गोठ्याच्या दारात हात कमरेवर ठेवून उभी होती. कॅरिन कुंपणाला टेकून उभी राहिली होती, रॉस्कोकडे न बघता.

"तूच का तो भुसावाला?" इल्वाबाईने विचारलं.

"लोक काहीही म्हणतात, इल्वाबाई."

"तुझ्या तोंडावर म्हणतात का? मग खरे लोक आहेत. ये, बघ."

गवताच्या गंजीवर निळ्या ताडपत्र्यांची चळत होती, त्यातल्या कित्येकांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "ही माझी लेक," इल्वाबाई म्हणाली, "दर नाताळला एक आणते. कॅम्पर झाक म्हणते. मी गवत झाकते."

"अगं, मी काळजीने आणते, आई!"

"काळजीनेच तर घात होतो, बाई. ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि वाऱ्याने फडफडून ती पत्रा घासते ते वेगळंच."

रॉस्कोने चमकून पाहिलं. हे तो स्वतः लोकांना घसा फोडून सांगायचा आणि कुणी ऐकायचं नाही. झाकून झाकून आपल्या हाताने कॅम्पर कुजवायची या मुलखात रीतच पडली होती.

गोठ्यामागे कॅम्पर उभा होता. फिरवून लांब-आखूड करता येणाऱ्या चार लोखंडी पायांवर, पण पाय आखडून अगदी खाली घेतलेला, पोटाखाली जाड ओंडके, म्हणजे वाऱ्याला उलथायला जागाच नाही. नाक जरासं वर, पाणी मागे निथळून जावं म्हणून. रंग उडून पत्रा दुधाळ झाला होता. खिडक्या बोटभर उघड्या होत्या आणि प्रत्येक फटीला बारीक जाळी होती.

रॉस्कोने खिशातून आरी काढली. ही चांभाराची आरी त्याचं सगळं भांडवल. लाकूड जिथे मऊ लागेल तिथे तो निळी चिकटपट्टी लावायचा. काम संपेपर्यंत कॅम्पर अपघात झालेल्या माणसासारखा पट्ट्यांनी भरून जाई आणि मालकाचा चेहरा उतरे.

त्याने खालचा कोपरा टोचला. आरी आत जाईना. दुसरा टोचला. तिथेही टणक. दाराची चौकट, चुलीमागची भिंत, नळाखालचं कपाट. तो गुडघ्यांवर बसून, पालथा पडून टोचत राहिला. आत कोरड्या लाकडाचा आणि साबणाचा वास होता. उंदराची एक लेंडी नाही! प्रत्येक भोकात भांडी घासायचा लोखंडी काथ्या कोंबलेला. गादी भिंतीला उभी लावून ठेवलेली, अंगाला वारा लागावा म्हणून.

मग तो ड्रायव्हरच्या डोक्यावर येणाऱ्या पलंगाच्या कोपऱ्याकडे गेला. सगळे कॅम्पर तिथेच मरतात. आरी टेकवली आणि ती पाव इंच आत गेली. रॉस्कोने पट्टीसाठी खिशात हात घातला, पण ती काढावीशी वाटेना. आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण हेच तर सापडायला हवं होतं.

"ती लांबी आहे वरची, फटी बुजवायची," बाहेरून इल्वाबाई म्हणाली. "आणखी दाब. एक्क्याण्णवला गारांनी फोडला होता तो कोपरा. मी कापून नवं लाकूड बसवलं."

त्याने दाबलं. लांबीखाली लाकूड दगडासारखं घट्ट होतं. "तुम्ही? एकटीने?"

"ऑर्विन धरून उभा होता. नवऱ्यांना तेवढं जमतं."

शिडी लावून तो छपरावर चढला आणि तिथे मात्र त्याचे हातच थांबले. सांध्यांवर लांबीचे थर होते. काळ्या डांबराचे, चंदेरी, राखाडी, पांढरे. सैल झालेलं खरवडून काढलेलं, त्यावर पुन्हा नवं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं एकावर एक. छपरावर एकही भेग नव्हती. त्याने हात फिरवून पाहिला, मग टोपी काढून पुन्हा फिरवला. बापरे! बावीस वर्षांत त्याने हजारो छपरं पाहिली होती, पण असं एकही पाहिलं नव्हतं.

"हे कधी करता?" त्याने वरूनच विचारलं.

"शरदात वासरं विकायला गेली की दुसऱ्या दिवशी. दर वर्षी. त्या दिवशी गाई हंबरत असतात, घरात बसवत नाही. ऑर्विन गेला त्या वर्षी दोनदा केलं."

"आणि एकदाही चुकलं नाही?"

"माणूस जेवायचं चुकतं का?"

रॉस्को छपरावरच बसून राहिला. खाली कॅरिन त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत फोनवरचं सगळं बोलणं होतं. शब्द दिला होता खरा. पण असल्या कामाला कुजकं म्हणायचं म्हणजे जीभ झडायची. तो हळूहळू उतरला. चिकटपट्टीचं रीळ जसंच्या तसं खिशात होतं.

"यात कुजलेलं काही नाही," तो म्हणाला. "टीचभरही नाही. बारा वर्षांवर टिकत नाही म्हणत आलो, आजपासून माझं तोंड बंद. असं मी जन्मात पाहिलं नाही, इल्वाबाई. हा अलास्काला जाऊन परत येईल, आणि पुन्हा एकदा जाईल."

कॅरिनने तोंड फिरवलं. इल्वाबाई आनंदाने काही बोलेल असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! ती कॅम्परच्या पायरीवर मटकन बसली.

"मला वाटलं, तू कुजका म्हणशील," ती म्हणाली.

तिने कॅरिनकडे बोट केलं.

"आधी ही लहान होती. मग दुष्काळ, मग सासू अंथरुणाला खिळली, मग ऑर्विनचं हृदय. दर वर्षी वर चढायचे आणि मनात म्हणायचे, या वर्षी गळू दे मेला. गळला की सुटले. अलास्काला नाही गेलो तर नाही गेलो, कॅम्परच कुजला, आपण काय करणार? पण गळू द्यायला हात धजावला नाही." तिने नाक पुसलं. "आता जावंच लागणार. आणि मी घाबरलेय, कॅरिन. एवढा रस्ता एकटीने, मला लई भीती वाटते."

कॅरिन कुंपणापासून सरकली. आईसमोर येऊन उकिडवी बसली. चोपन्न वर्षांची बाई, आपल्या आईकडे ती कुणी नवीनच असावी तशी बघत होती.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तू लगेच नको जाऊ म्हणाली असतीस."

"तू घाबरत नाहीस याचीच मला भीती वाटायची, आई. वाटायचं, हिला काही कळतच नाहीये, ही बेधडक जाऊन मरणार." तिने आईचे दोन्ही हात धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग उठली, डोळे बाहीला पुसले आणि रॉस्कोवर खेकसली, "बघत काय उभे राहिलात? ओंडके काढा! पिकपची किल्ली कुठंय, आई?"

"गाडीतच. पण तू कुठे निघालीस?"

"गाडी कोण चालवणार मग? अर्ध्या वाटेवर डोळे मिटतात तुझे."

कॅरिनने ऑर्विनचं जुनं पिकप आणलं आणि मागे घ्यायला लागली. रॉस्कोने ओंडके काढले आणि एकेक पाय फिरवून कॅम्पर वर उचलला. पाय करकरले, पण फिरले. इल्वाबाई उठून मागे उभी राहिली आणि हाताने खुणा करू लागली. "ये... ये... जरा डावीकडे. अगं डावीकडे म्हटलं ना, बापावर गेलीस अगदी! ये... बस."

हौदा कॅम्परच्या पोटाखाली आला. रॉस्को कॅम्परचा एकेक पाय पुन्हा आखडत गेला. पिकपच्या चाकांवरचे कमानपाटे दबले, गाडीने एक मोठा सुस्कारा टाकला, आणि एकावन्न वर्षांनी ते चारही पाय जमिनीवरून उचलले गेले.