ओलं फडकं आणि लाल कुलूप

ओल्या फडक्याची युक्ती आमच्या भावोजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. ते विजेवरची टॅक्सी चालवतात आणि मी ज्या चार्जिंग स्टेशनवर देखभालीचं काम करते तिथेच गाडी लावतात. आपल्याला वहिनीपेक्षा जास्त कळतं, असं त्यांना लग्नापासून वाटतं. माझ्या लग्नापासून, त्यांच्या नव्हे.

चार्जरची जी मूठ गाडीत खुपसायची, तिला सगळे गन म्हणतात. गन तापली की तिच्यातला सेन्सर यंत्राला कळवतो आणि यंत्र करंट कमी करतं. साठ किलोवॅटचे वीस होतात, पाऊण तासाचं काम दोन तासांवर जातं, आणि रांगेतले टॅक्सीवाले तेवढा वेळ माझा उद्धार करतात. भावोजींनी यावर तोडगा काढला. फडकं भिजवायचं, पिळायचं, गनला गुंडाळायचं. मूठ गार, सेन्सर गप्प, करंट पुन्हा पूर्ण. आठवड्याभरात प्रत्येक डिकीत एक फडकं आणि पाण्याची बाटली आली. भावोजींना लोक शास्त्रज्ञ म्हणू लागले आणि तेही त्या नावाला ओ देऊ लागले.

मी सांगून थकले. गन उन्हाने तापत नव्हती. दिवसातून वीस वेळा खुपसून-उपसून आतल्या पिना झिजल्या होत्या, पकड ढिली झाली होती, आणि ढिल्या पकडीतून एवढा करंट गेला की तिथेच भाजतं. फडकं मूठ गार करतं, पीन आत जळतच राहते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. शिवाय विजेच्या कामात पाणी, हे तर मी बोलायलाही नको. पण शास्त्रज्ञापुढे वहिनीचं कोण ऐकतो?

नव्या गन मागून पाच महिने झाले होते. परवा साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या स्टेशनचे व्यवस्थापक, तक्रारींना फार भितात. नव्या गन येणार नाहीत, त्याऐवजी यंत्रातली तापमानाची मर्यादा नव्वद अंशांवरून एकशे पंधरावर न्या, म्हणजे करंट कमी होणार नाही आणि लोक ओरडणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उद्या दुपारपर्यंत मर्यादा वाढलेली दिसली नाही तर दुसरी नोकरी बघा, म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. बाईला वायरिंग काय कळतंय म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून अकरा वर्षं ही नोकरी टिकवली होती. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी मात्र डोकं साफ होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, तो आकडा माझ्या हाताने वाढणार नव्हता.

आठ वाजता मी मुख्य ब्रेकर पाडला आणि त्यावर माझं लाल कुलूप घातलं. आमच्या धंद्यात प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप असतं, त्यावर नाव असतं. जागा धोक्याची आहे तोवर ते राहतं, आणि ज्याने घातलं त्यानेच काढायचं. साहेब असला तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. कापायचंच झालं, तर आधी वहीत लिहून सही करायची की मी तपासलं, सुरक्षित आहे, जबाबदारी माझी.

चारही चार्जर बंद पडल्यावर टॅक्सीवाले माझ्यावर धावून आले. सगळ्यात पुढे भावोजी. घरची बाईच पोटावर पाय देते, असं ते चारचौघांत म्हणाले. मला ते लागलं. पण मी वाद घातला नाही. दोन नंबरची गन उतरवली, त्यांच्याच गाडीच्या बॉनेटवर उघडली. एक पीन काळी ठिक्कर पडली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं.

"आता तुमच्या गाडीचं झाकण उघडा," मी म्हटलं.

त्यांनी हसत उघडलं. जिथे गन बसते, त्या भोकाची कड करपली होती. भावोजींनी नखाने खरवडलं तर तुकडाच हातात आला. ते फुटपाथच्या कडेला मटकन बसले.

"हे माझ्या फडक्यानं झालं?"

"केलं गननं. फडक्यानं लपवलं."

"वहिनी, मी सगळ्यांना शिकवलं हे."

एकेक जण गुपचूप आपल्या गाडीकडे गेला आणि झाकण उघडून बघू लागला. चौघांच्या गाड्यांची तीच गत होती.

बाराच्या सुमाराला साहेब आले, स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीतून, हातात कुलूप कापायची कात्री घेऊन. मी वही पुढे केली. मला वाटलं होतं, सही करताना कचरतील. त्यांनी फर्रकन केली. त्यांनी कात्री कुलपाला लावली.

तेव्हा भावोजी उठले.

"साहेब, पहिला नंबर तुमच्या गाडीचा. मर्यादा वाढवा आणि दोन नंबरची गन लावा. आम्ही मागे थांबतो."

"पाच मिनिटांत जोडून देते," मी म्हटलं.

टॅक्सीवाल्यांनी गाड्या मागे घेऊन वाट मोकळी केली. कुणी सांगायला लागलं नाही. साहेबांनी बॉनेटवरच्या काळ्या पिनेकडे पाहिलं आणि म्हणाले, माझी गाडी पूर्ण चार्ज आहे. एका टॅक्सीवाल्याने काचेतून आत डोकावलं.

"चौदा टक्के," तो म्हणाला.

साहेबांनी कात्री खाली घेतली, वहीतलं आपलं पान फाडून खिशात कोंबलं आणि गाडीकडे निघाले. जाता जाता माझ्यापाशी थांबले. उद्यापासून तुम्ही यायचं नाही, म्हणाले.

मी वही मिटून काखेत घातली.

"उद्या येणार," मी म्हटलं. "परवाही येणार. कुलूप माझं आहे."