घोड्याचं खत, बैलाची साक्ष

नाक

मोतीलाल पाटलांचं नाक सारंगखेड्यात प्रसिद्ध होतं. पिकलेली केळी कुठल्या कोपऱ्यात ठेवलीत, ते दारातूनच सांगायचे. म्हणून ते म्हणाले, "लीद गरम. मुळं जाळस," की गाव मान डोलवायचं. गाईचं शेण लक्ष्मी. घोड्याची लीद, लीद.

खड्डा

रुक्मिणीबाईंनी ऐकलं नाही. मोतीलाल त्यांचे थोरले दीर. नवरा गेल्यापासून बाईंची केळी दिरांच्या मोटेच्या पाण्यावर. पौषात घोड्यांचा बाजार उठला आणि बाई लीद गोळा करायला टोपली घेऊन निघाल्या. बायका हसल्या. नंदुरबारचा मेहबूब नालबंद हसला नाही. त्याने सांगितलं, खड्ड्यात घाला, वर माती, वर पाणी, आणि विसरा.

बाई पाच महिने विसरल्या.

बैल

ज्येष्ठ महिना उजाडला. केळीचे कंद तयार. मोतीलाल मोटेपाशी उभे, मेहबूब त्यांच्या मोऱ्या बैलाला आडवा पाडून खुरांना पत्र्या ठोकत होता. रुक्मिणीबाई पदर नाकापर्यंत ओढून आल्या. थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. त्या बैलाशी बोलल्या.

"मोऱ्या, तुन्हा मालकले सांग, खत तयार शे."

"मोऱ्या," मोतीलाल म्हणाले, "तिले सांग, लीद टाकी त पाणी बंद."

"मोऱ्या, पाणी बंद त केळी मरी."

"मोऱ्या, मरू दे!"

आडव्या मोऱ्याने फुस्स केलं.

"तो बिचारा काय सांगी?" मेहबूब हातोडी ठेवून म्हणाला. "पाटील, तुमना नाकले इचारू. एक टोपलं तुमना उकिरडानं, एक बाईना खड्डानं. डोया मिचा. लीद कोनती ते सांगा. लीद वळखी त बाई हारी."

"आनि नही वळखी त?"

"त मोट सुरू."

मोतीलाल हसले. त्यांच्या नाकाशी पैज!

हात

दोन्ही टोपली आली, मोतीलालांनी डोळे मिटून हात पुढे केला. पहिली मूठ. अर्धी कच्ची, उन्हात करपलेली, आत काड्या.

"थू! घोडा!"

दुसरी मूठ. काळीभोर, भुसभुशीत, नांगरल्या जमिनीसारखा वास. मोतीलालांचा चेहरा मऊ झाला.

"हाई मन्ही कपिला गायनं. लक्ष्मी शे, लक्ष्मी!"

आणि सवयीने, शेण हाती घेताच करतात तशी, त्यांनी मूठ कपाळाला लावली.

कपाळ

डोळे उघडले. मेहबूब पोट धरून हसत बसला होता. बाईंचा पदर गदगदा हलत होता.

मोतीलालांनी मुठीकडे पाहिलं. टोपल्यांकडे पाहिलं. मूठ फेकायला हात उचलला.

हात तसाच राहिला.

"मोऱ्या," ते हळू म्हणाले, "कपाळले लायेल लक्ष्मी खाले कशी फेकू?"

"मोऱ्या," पदराआडून आवाज आला, "खड्डा खंदी ठेयेल शे."

मोतीलाल चालत गेले. वाकून, दोन्ही हातांनी, त्यांनी ती मूठ केळीच्या पहिल्या खड्ड्यात ठेवली. वर कंद लावला. मातीने दाबला. कपाळावर काळा टिळा तसाच.

मग मोऱ्याला उठवलं, जोडीला दुसरा बैल जुंपला आणि स्वतः मोट धरली. पाटाला पाणी आलं. मेहबूब पुढे होऊन खड्ड्याखड्ड्यात बाईंचं खत टाकू लागला. पहिला खड्डा, दुसरा, तिसरा. तिथे त्यांनी बैल थांबवले आणि मेहबूबवर खेकसले,

"चिमटीवारी काय टाकी ऱ्हायना? टोपलं वत, टोपलं!"