वाटीतली माती

चहाच्या चमच्याने माती घेतली, वाटीतल्या पाण्यात सोडली, बोटाने जरा कालवली. थोडी मुद्दाम कडेला सांडली. मावशीची कामं टापटीप कधी होती! पोराने आदल्या दिवशी फोटो मागितला होता, म्हणून फोटो काढला आणि पाठवून दिला. सकाळचे सात वाजायला तीन मिनिटं होती.

सातला फोन आला.

"बाबा, आज पण?"

"आज पण! चांगलं स्वच्छ पाणी भरून ठेवलेलं. मावशीने अर्धी पेटी उकरून ओतली त्यात. तुझ्या आईचा हट्ट परवडला रे!"

पोरगा हसला.

मावशी म्हणजे टॅरंटुला. तळहाताएवढी केसाळ कोळीण. लांब नोकरी लागली तेव्हा काचेच्या पेटीसकट ती माझ्या गळ्यात मारून पोरगा गेला. "लहानपणी माझ्या दप्तरात रबरी कोळी टाकायचात ना? आता खरी सांभाळा," म्हणाला. मी चाव्या बनवणारा, जगाची कुलपं उघडतो, अख्ख्या गल्लीची टोपी उडवतो. पण माझी टोपी घरातूनच उडाली.

त्याआधी आमचा फोन महिन्यातून एकदा. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवलो." खेळ खलास. त्याची आई गेल्यापासून मधे बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

मावशी दिवसभर ढिम्म. पण पाण्याच्या वाटीशी तिचं काय वैर होतं, देव जाणे. रात्रीतून माती ओढून आणायची आणि वाटी भरायची. कधी वाटी पालथी. कधी खाल्लेल्या किड्याचा चोथा नेमका पाण्यात. मी सकाळी धुवायचो, ती रात्री परत भरायची. माझ्याच जातीची खोडकर! आणि पोरगा रोज सातला विचारायला लागला, "आज काय केलं तिने?"

एकदा ती उताणी पडलेली दिसली. मी रडकुंडीला येऊन फोन लावला, तर हा तिकडे खो खो हसतोय. "बाबा, कात टाकतेय ती! उताणी म्हणजे ठीक. पाय मुठीसारखे आत वळले, की मग समजा."

तीन आठवड्यांपूर्वी ती वाटीवर येऊन बसली, तोंड पाण्याशी. दोन दिवस हलली नाही. मी म्हटलं, आली बाई शुद्धीवर, पाणी पितेय. वर आणखी पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी पाय बघितले. मूठ.

कुंडीत पुरली. हात धुतोय तेवढ्यात सात वाजले, फोन वाजला. "आज काय केलं तिने?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वाटी भरली की!"

तेव्हापासून रोज थापा. फोटो मागितला तेव्हा चमचा हातात घेतला.

आज हसून झाल्यावर पोरगा म्हणाला,

"बाबा, फोटो मोठा करून बघितला मी."

"बरं, मग?"

"तिच्या मातीत जाळ्याचे धागे असतात. ही नुसतीच माती आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचेना.

"कधी गेली?"

"तीन आठवडे झाले."

"आणि ही माती..."

"चमच्याने टाकली. चहाच्या. धुतला नंतर, घाबरू नकोस."

तो हसला नाही. "ठेवतो बाबा, कामाला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी वाटी घासून पुसून घेतली, पाणी भरलं आणि पेटीत ठेवली. माती नाही टाकली. सात वाजले. सव्वासात झाले. दुकानाच्या चाव्या खिशात घातल्या, काढल्या, परत घातल्या.

सात वीसला फोन वाजला.

"बाबा."

"बोल."

"आज काय आहे वाटीत?"

"पाणी. तळ दिसतोय."

"हं."

फोन कोणीच ठेवला नाही. पलीकडे त्याच्या खोलीत कुठला तरी नळ गळत होता. रिकाम्या पेटीसमोर बसून मी ते थेंब ऐकत राहिलो.