अनुपमाबाईंच्या दारातला दिवा

मित्रांनो, मी मधाच्या रंगाच्या काचेचा एक जुना दिवा आहे. माझी पितळी टोपी अमरावतीच्या एका तांबटाने ठोकली. १९५४ साली मी अकोल्याला, स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात आलो.

हॉटेल नारायणरावांचे. पण मला दारात कुठे टांगायचे, हे त्यांच्या पत्नीने, अनुपमाबाईंनी ठरवले. माझा उजेड आधी भिंतीवर पडावा आणि तिथून मऊ होऊन माणसाच्या अंगावर यावा, असे त्यांना हवे होते. "उन्हाधुळीतून आलेला माणूस असतो. त्याला आधी बरं वाटू दे, मग नाव विचारा," त्या म्हणत.

दिवेलागणीला त्या स्वतः बटण दाबत आणि हात जोडत. उतारूही पेटी खाली ठेवून हात जोडत. शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे व्यापारी खुशालराव दर खेपेला हसत म्हणत, "वयनी, तुमच्या दारात मी बी गोरा दिसतो! आमच्या घरच्याईले दाखवाले पायजे." बाकीचे लोक मात्र दिवा इतका नेमका टांगल्याबद्दल नारायणरावांच्या नजरेची तारीफ करत. ते ती ऐकून घेत.

१९६३ साली बाई आजारी पडल्या. नागपूरच्या दवाखान्यात जाताना म्हणाल्या, "माझा दिवा तेवढा राहू द्या."

"हो, हो," नारायणराव म्हणाले.

पण समोरच्या लॉजवर ट्यूबलाइट लागल्या होत्या. "आपण काय अंधारात बसून राहाचं?" म्हणत त्यांनी मला उतरवले आणि जिन्याखाली टाकले. नव्या ट्यूबलाइट दिवसाही चालू असत. दिवेलागण कधी झाली, ते कुणाला कळेनासे झाले.

बाई परतल्या तेव्हा मी जिन्याखालून पाहत होतो. मुलीचा, चारुशीलाचा, हात धरून त्या टांग्यातून उतरल्या. त्या पांढऱ्या झगझगाटात त्यांच्या गालांची हाडे, विरळ झालेले केस, सारे उघडे पडले. काउंटरपाशी उभे असलेले खुशालराव दोन पावले पुढे आले.

"वयनी... काय होऊन बसलं हे तुमाले!" खुशालरावांच्या तोंडून निघून गेले.

बाईंनी वर पाहिले. पदर पुढे ओढला. "मागच्या दारानं जाऊ, चारू."

पुढच्या दारात त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांना शेवटचे नेले तेही मागूनच. गिऱ्हाईक बिचकायला नको, असे नारायणराव म्हणाले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलेत तर उपकार होतील, पण माझे मागणे ते नाही. दारात दिवा लावाल, तेव्हा घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला त्याच्याखाली उभे करा. मग त्याच्या तोंडाकडे पाहा.